खालचे माग थांबले तेव्हा

"डॉक्टर, गादीला पाठ टेकली की छाती धडधडाय लागती. दिवसभर काय नसतं वो."

इचलकरंजीतल्या माझ्या दवाखान्यात अण्णा तिसऱ्यांदा आले होते. वय 61. छातीत दुखणं, चक्कर, दम लागणं, यातलं काहीच नाही. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन व्यवस्थित. 24 तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं छोटं यंत्र, लावला. रात्री साडेअकराला ठोके 108पर्यंत गेलेले, पण नियमित. पहाटे तीनला 56. म्हणजे थोडी का होईना, झोप लागत होती.

रिपोर्ट चांगला आहे म्हणालो, तर अण्णांचा चेहराच उतरला. "मग ही धडधड कशाची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला लागून राहिलं.

त्या रात्री दवाखाना बंद करून त्यांच्या घरी गेलो. वर राहतं घर, खाली शेड. शेड रिकामी, फरशीवर बोल्टची भोकं आणि तेलाचे काळे डाग. कापड विणायचे आठ साधे यंत्रमाग दिवाळीनंतर भंगाराच्या भावानं गेले होते. पस्तीस वर्षं हे घर त्या खडखडाटावर झोपलं होतं. "एक माग थांबला तरी मला जाग यायची," अण्णा म्हणाले, "आता सगळेच थांबले."

त्यांच्याच गादीवर जरा आडवा झालो. डाव्या कुशीवर वळलो आणि माझेच ठोके मला ऐकू आले. त्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला टेकतं. अण्णा रोज त्याच कुशीवर, मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत पडायचे. मोजताना भीती वाटायची, भीतीनं ठोके आणखी वाढायचे.

कुणाच्या तरी सांगण्यावरून अल्प्राझोलाम ही मन शांत करून झोप आणणारी गोळी चालू होती. ती हळूहळू उतरवली. एकदम सोडली तर धडधड उलट वाढते. दुपारनंतरचा चहा बंद. वीसेक मिनिटं तळमळ झाली तर उठून खुर्चीत बसायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सहाला उठायचं. हे फार जड गेलं. पहिले दहा दिवस ते माझ्यावर चिडूनच होते. मनगटावरची बोटं मात्र काकूंनी सोडवली. त्या त्यांचा हात हातात धरून झोपू लागल्या.

दर गुरुवारी त्यांना मी शेवटचा नंबर द्यायचो. माग किती रुपयांना गेले, हे त्यांनी सहाव्या गुरुवारी सांगितलं. सांगताना रडले.

परवा आले होते. आठवड्यातली एखादी रात्र अजून तशी जाते. शेड भाड्यानं द्यायचं चाललंय. भाडेकरू मशीनवालाच हवा म्हणतात.