बशी

परवा दुपारी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला एक वयस्कर गृहस्थ आले होते. सत्तरीच्या आसपासचे, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पान्यांची पिशवी. अर्ध्या तासाचे काम त्यांनी वीस मिनिटांत उरकले. साडेतीन वाजले होते, म्हणजे माझी चहाची वेळ झाली होती, आणि घरात मी एकटाच होतो. त्यामुळे माझ्याबरोबर त्यांच्यासाठीही चहा टाकला आणि एका जाडजूड मगात भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मग दोन्ही तळव्यांत धरून पाहिला, जरा घुटमळले आणि म्हणाले, "साहेब, बशी मिळंल का?"

"मिळेल की," असे मोठ्या आत्मविश्वासाने म्हणून मी बशी शोधू लागलो. मांडणीवर पाहिले, ओट्याखाली पाहिले, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या भांड्यांच्या कपाटात पाहिले. मग सापडले अकरा. त्यांत एक बँकेने दिलेला, दोन विमा कंपनीने दिलेले आणि एक भाचीच्या लग्नात मिळालेला, ज्यावर नवरा-नवरीचा फोटो असल्यामुळे त्यातून चहा पिण्याचा धीर आजवर कोणाला झालेला नाही. बशी मात्र एकच निघाली, तीही गॅलरीतल्या मनीप्लँटच्या कुंडीखाली, गढूळ पाण्यात बसलेली. शेवटी मी ओशाळून आमटीची एक वाटी पुढे केली. "हे बी चाललं," असे म्हणून त्यांनी वाटीत चहा ओतला, दोन फुंकरी मारल्या आणि चार घोटांत मग रिकामा केला. "झ्याक झालाय," असा अभिप्राय दिला. मी नको म्हणेपर्यंत मग आणि वाटी नव्या नळाखाली विसळून पालथी घातली, पैसे घेतले आणि गेले.

घरातून बशी नेमकी कधी गेली, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. कप फुटले की त्यांच्या बशा मागे उरत, आणि विधवा झालेल्या त्या बशा पुढे लोणचे वाढायला, उदबत्तीची राख झेलायला किंवा दुधाच्या पातेल्यावर झाकायला लागत, हे आठवते. नंतर मग आले. मगात चहा जास्त मावतो, तो बराच वेळ गरम राहतो आणि एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पिता येतो, हे त्याचे गुण सांगितले जातात. माझ्या मते हेच त्याचे दोष आहेत. मगातला चहा आपण "मग पिऊ" म्हणून ठेवून देतो आणि पुन्हा हाती घेतो तेव्हा त्यावर साय धरलेली असते. बशीला हा विलंब मंजूर नाही. बशीत चहा ओतला की तो पसरतो, वाफ झरझर निघून जाते आणि अर्ध्या मिनिटात तो जिभेला सोसेल इतका निवतो. तो त्याच क्षणी प्यावा लागतो आणि तोवर दुसरे काहीही करता येत नाही, कारण भरलेली बशी हातात असलेला माणूस जागचा हलूही शकत नाही.

आमच्या वाईच्या वाड्यात माझे आजोबा दुपारची झोप आटोपून ओसरीवर येऊन बसत, तेव्हा हा सोहळा रोज होई. कप ते फक्त वाहतुकीचे साधन मानत. कपातला चहा बशीत उतरे, बशी पाच बोटांच्या टोकांवर तोलली जाई, आणि मग फुर्र असा जो दीर्घ आवाज निघे तो मागच्या परसापर्यंत ऐकू जाई. मुंबईच्या आत्याला त्या आवाजाची लाज वाटे. आजोबा मात्र म्हणत की गवयाला जशी जागा घ्यावी लागते तशी बशीला हवा घ्यावी लागते, त्याशिवाय चव कळत नाही. एक कप तीन बशांत संपे. तिसरी बशी अर्धीच भरे आणि ती माझी असे. लहान मुलांनी चहा प्यायला की ती काळी पडतात, असे आजी बजावत असे. त्यावर आजोबांचे म्हणणे असे की या पोराच्या बाबतीत आता भिण्यासारखे काही उरलेले नाही.

चहा करण्याची आजीची रीत ठरलेली होती आणि तिच्यात कानामात्रेचाही बदल खपत नसे. ज्या कपांतून चहा द्यायचा त्याच कपांनी पाणी मोजायचे. पाण्यात आधी साखर, मग ठेचलेले आले. आले किसायचे नाही, ठेचायचे, आणि दूध पडण्यापूर्वी ते पाण्यात खळखळून उकळले पाहिजे. ती का असे करते ते तिला सांगता येत नसे. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते, ते दूध नासवते आणि उकळत्या पाण्यात निकामी होते, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले, तेव्हा ते आजीला सांगायला आजी नव्हती. पावसाळ्यात आल्याच्या जोडीला परसातल्या गवती चहाची दोन पाती गाठ मारून पाण्यात पडत. आधणाला उकळी फुटली की चहापूड घालायची, एकदाच वर येऊ द्यायचे, पातेले खाली उतरवून झाकण ठेवायचे आणि तो मुरेपर्यंत स्तोत्राची चार कडवी म्हणायची. दूध वेगळे तापवलेले असे. ते शेवटी, रंग बघून. दूध जास्त झाले की तो चहा "खिरीसारखा", कमी झाले की "काढा", आणि पूड कमी पडली की "फुळकवणी". हा शेवटचा शब्द तिने शेजारच्या एका घराच्या चहासाठी राखून ठेवला होता. त्या घरातून आल्यावर ती आधी हातपाय धुई आणि मग स्वतःसाठी अर्धा कप चहा टाकी.

पूड उकळणारे आणि पूड मुरवणारे असे दोन पंथ महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्यात सोयरीक झाली की पहिले वर्ष जड जाते. मी घरात मुरवणारा आणि बाहेर उकळणारा आहे. पुण्यात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी अमृततुल्य चहाची दुकाने थाटली, त्यांच्या पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर, पूड आणि वेलदोडा एकत्र उकळत असतात, आणि तो चहा फडक्यातून पिळून गाळला जातो. तो चहा घरी जमत नाही आणि जमवूही नये. शिवाय आपण जी दाणेदार पूड वापरतो ती मुळातच उकळीला तोंड द्यायला जन्मलेली आहे. आसाममधल्या अमगुरीच्या मळ्यात 1930 च्या सुमारास दातेरी रुळांमधून पाने चिरडण्याचे, फाडण्याचे आणि वळण्याचे यंत्र निघाले, तेव्हापासून चहाच्या पानाचे बारीक दाणे होऊ लागले. हे दाणे झटपट रंग सोडतात, कडक उतरतात आणि दुधाला हार जात नाहीत.

चहा करण्याचे एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे. 1980 साली ठरलेल्या या मानकाप्रमाणे दर शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पूड घ्यावी, त्यावर उकळलेले पाणी चिनी मातीच्या भांड्यात ओतावे आणि सहा मिनिटे थांबावे. चहाची चव पारखणाऱ्यांना निरनिराळे नमुने एका पातळीवर तपासता यावेत एवढाच त्याचा हेतू आहे. पण असे सहा पानी मानक मुळात ज्या ब्रिटिश संस्थेने लिहिले तिला 1999 साली विनोदी संशोधनाचे इग नोबेल पारितोषिक देण्यात आले. या मानकात साखरेचा उल्लेख नाही आणि आल्याचा तर नाहीच. सहा मिनिटे मात्र आजीच्या चार कडव्यांच्या जवळपास भरतात.

आपल्याला चहाची सवय लागली ती लावली गेली, हेही विसरता येत नाही. 1930 च्या दशकात चहा व्यापाऱ्यांच्या मंडळाने गावोगाव माणसे पाठवून फुकट चहा पाजला, स्टेशनांवर पत्र्याच्या पाट्या लावून तो कसा करावा हे देशी भाषांतून शिकवले. त्यांच्या पाठात किटली होती, मुरवणे होते आणि वरून थोडेसे दूध होते. आपण त्यांचा चहा घेतला आणि त्यांचा पाठ सोडून दिला. मसाला टाकून उकळल्याने पूड कमी लागते, म्हणून मंडळाची माणसे चहावाल्यांवर रागावत असत. यात मला अजूनही थोडा आनंद होतो.

चहा करणे हे मात्र निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे देण्यात आहे. पाहुण्याला "चहा घेणार का?" असे विचारू नये, कारण त्यावर "नको, आत्ताच झाला" याखेरीज दुसरे उत्तर सभ्य माणसाला देता येत नाही. आजी न विचारता आधण ठेवी आणि मग विचारी. पाहुणा "अर्धाच" म्हणे, आणि अर्धा म्हणजे पाऊण हे दोघांनाही ठाऊक असे. कप काठोकाठ भरू नये, पण बशीत चार थेंब सांडलेले असावेत, म्हणजे देणाऱ्याने हात आखडता घेतला नाही हे दिसते. अचानक माणसे वाढली तर पाणी वाढवायचे नाही, बशी पुढे करायची. एकाने कप घ्यावा, दुसऱ्याने बशी. कॉलेजात असताना मी आणि माझा एक मित्र तीन वर्षे एकाच चहावर होतो. तो कपातून पीत असे आणि मी बशीतून, कारण बशीत थोडा जास्त येतो असा माझा समज होता आणि तो त्याला कधी कळला नाही. ज्याच्याशी आपण भांडलो आहोत त्याच्यासमोर बशी सरकवली की निम्मे भांडण तिथेच मिटते. एका कपाचा चहा दोघांत फुटतो ही सोय चिनी लोकांनी केली की इराण्यांनी, याच्याशी मला कर्तव्य नाही. मगाला ती करता येत नाही एवढे मला पुरे आहे.

आजोबांची आवडती गोष्ट चहाचीच होती. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. मंडळी म्हणजे साक्षात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक. कोणी चहा प्यायला, कोणी भिडेखातर नुसताच हातात घेतला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उसळले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्या घरातच ते खटकले. ख्रिस्त्याच्या हातच्या एक कप चहापायी दोन वर्षे पुणे पेटले, हे सांगताना आजोबा बशी खाली ठेवून हसत. "काय खुळी माणसे होती," म्हणत, आणि पुन्हा बशी उचलत. आम्ही मुलेही हसत असू.

ओसरीच्या पायऱ्या उतरल्यावर डाव्या हाताला, भिंतीतल्या कोनाड्यात एक कप असे. त्याचा कान तुटलेला होता आणि काठावर निळी रेघ होती. लाकडे फोडायला जे गृहस्थ येत, त्यांचा तो कप. गृहस्थ हा शब्द मी आज लिहितो आहे. तेव्हा आजोबांच्या वयाच्या त्या माणसाला आम्ही सगळे, मीसुद्धा, अरे म्हणत असू. लाकडे फोडून झाली की ते कोनाड्यातला कप काढून पायरीखाली धरत आणि आजी वरून, पातेल्याची कड कपाला लागणार नाही अशा बेताने, चहा ओतत असे. चहा तोच होता. ठेचलेले आले, मुरवलेली पूड, रंग बघून घातलेले दूध. त्यात आजीने कधी फरक केल्याचे मला आठवत नाही. बशी मात्र त्या कपाला नव्हती. ते उकिडवे बसून त्या गरम कपावर फुंकर घालत राहत, कान नसल्यामुळे कप या हातातून त्या हातात बदलत राहत, आणि चहा संपला की अंगणातल्या नळावर कप विसळून कोनाड्यात पालथा घालत.

हे सगळे मी परवा संध्याकाळपर्यंत विसरून गेलो होतो. संध्याकाळी पुन्हा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा ती वाटी आणि तो मग अजून तिथेच होते. विसळलेली भांडी आमच्याकडे सिंकशेजारच्या जाळीवर ठेवतात, आणि दुपारची ताटे, पातेली तिथेच निथळत होती. मग आणि वाटी मात्र त्या जाळीवर नव्हते. ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला लागून, एकाशेजारी एक पालथे घातलेले होते.

जाळीवर जागा भरपूर होती.