आमची वाटचाल : चेहऱ्यांची ओढ

आमचा स्टुडिओ जळगावात असला, तरी त्याची सुरुवात चाळीसगावात, मामांच्या डार्करूममध्ये झाली. दहावीच्या सुट्टीत मला तिथे पाठवले ते छायाचित्रण शिकायला नव्हे, तर उन्हाळाभर उनाडक्या करू नयेत म्हणून. मे महिन्यात आमच्याकडे टाकीचे पाणीच पोळते आणि डेव्हलपर, म्हणजे फोटो धुण्याचे रसायन, हवे 20 अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यामुळे ट्रेभोवती बर्फ रचणे, हेच माझे पहिले काम होते.

ओढ लागली ती रिटचिंगच्या मेजावर. सुरकुतीची सावली निगेटिव्हवर पारदर्शक रेघेसारखी दिसते. ती टोकदार पेन्सिलीने हलकेच भरली, की प्रिंटवर सुरकुती नाहीशी होते. एकदा नातवाच्या आग्रहावरून मामांनी एका आजींच्या सुरकुत्यांबरोबर कपाळावरचे गोंदणही भरून टाकले. फोटो हातात घेऊन आजींनी विचारले, “हाई कोन शे?” मामांनी मुकाट्याने टर्पेंटाइनने शिसे पुसले आणि दुसरी प्रिंट काढून दिली. त्या दोन प्रिंटा शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत होतो, आणि पुढे हेच काम करायचे, हे तिथेच मनात पक्के झाले. वण किंवा गोंदण ठेवायचे की नाही, हे आमच्याकडे आजही फोटोतल्या माणसालाच विचारतात, पैसे देणाऱ्याला नाही.

चाळीसगावात राहून तिथले छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांचे काम न पाहणे शक्यच नव्हते. मेजावर मांडलेल्या वस्तूंतून अख्खे दृश्य उभे करणारी त्यांची टेबलटॉप छायाचित्रे त्यांच्या संग्रहालयात पाहिली, तेव्हा विषयापेक्षा उजेड कुठून येतो, हे आधी पाहायची सवय लागली.

स्वतःचा स्टुडिओ थाटल्यावर भाडे निघाले ते पासपोर्ट फोटोंवर, हे मान्य केलेच पाहिजे. खरी परीक्षा मात्र खेड्यांत होती : पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेला चेहरा. कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर पांढऱ्याला भुलते आणि चेहरा काळवंडतो. म्हणून आम्ही माणसाला उन्हातून ओसरीवर आणतो, मोजमाप गालावरून घेतो, टोपी थोडी उजळली तरी चालवून घेतो. डिजिटल आल्यावर डार्करूम बंद झाली. तिची मला फारशी हळहळ वाटली नाही, बर्फाचा खर्च तरी वाचला.

आता कॅमेरा बहुतेक वेळा मुलीच्याच हाती असतो. तिचे काम खिडकीच्या उजेडावर भागते, मला अजूनही दिव्याचा उजेड पसरवणारी एक छत्री लागते. या वादाचा निकाल लागलेला नाही.