सरपणाची मांडणी

रविवार, रात्र

हाताला अजून भुशाचा वास येतोय. आज सरपणाची मांडणी उभी राहिली आणि इतके दिवस भिंतीकडेला जमिनीवर पडून असलेली लाकडं एकदाची वर चढली.

हे काम आधीच करायला हवं होतं. मागच्या महिन्यात राशीतलं सगळ्यात खालचं लाकूड उचललं, तर त्याच्या पोटाला वाळवीने मातीचे बोगदे केलेले. वरच्या लाकडांतही ओल होतीच. ओलं लाकूड जळतं कमी आणि धुमसतंच जास्त. त्याची निम्मी धग पोटातलं पाणी आटवण्यात जाते की काय, असं वाटतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली उतरला, की मगच त्याला सरपण म्हणावं.

चौकट 120 सेंमी लांब, तेवढीच उंच. खोली 35 सेंमी, कारण आमचे फोडलेले तुकडे साधारण तेवढेच असतात. खाली 10 सेंमीचे ठोकळे. तळाला सलग फळी नाही, दोन-दोन बोटं फट सोडून पट्ट्या ठोकल्या. वारा खालूनही खेळायला हवा.

एक पट्टी टोकाशी उभी चिरली. बारीक भोक न पाडता थेट स्क्रू घातला होता. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आधी ड्रिल, मग स्क्रू.

सगळे सांधे गुण्या लावून बसवले, तरी चौकट कललेली दिसत होती. टेपने कर्ण मोजले. एक 168.5 सेंमी, दुसरा 171. सगळे स्क्रू जरा सैल केले आणि लांब कर्णाच्या कोपऱ्यावर मोगरीने हळूहळू ठोकत गेलो. ठोकायचं, मोजायचं, पुन्हा ठोकायचं. दोन्हीकडे 169.7 आलं तेव्हा फार बरं वाटलं. गणितातही तेवढंच येतं.

बाबा बराच वेळ शेजारी उभे राहून बघत होते. कडेच्या खांबावर हात ठेवून म्हणाले, "अरे, लाकूड नुसतं खाली दबत नाही, बाजूलाही रेटतं." खरंच, माझं सगळं लक्ष तळाकडे होतं. भरल्यावर यात 200 किलोच्या आसपास वजन येणार, आणि गोल तुकडे खांबांना बाहेर ढकलत राहणार. मग दोन्ही खांबांना बाहेरून तिरके टेकू दिले. आता अंगाने रेटूनही खांब हलत नाहीत.

मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. वर उतरतं छप्पर, बाजू उघड्याच.

रचताना प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर आपटून पाहिला. वाळलेला टणकन वाजतो, ओला बद्द. वाळलेल्याच्या तोंडावर मधोमधून कडेला जाणाऱ्या बारीक भेगाही दिसतात. वाजणारे उजवीकडे लावले, बद्द आवाजाचे डावीकडे. डावीकडच्या खांबावर खडूने आजची तारीख टाकली आहे.