नोंदीतलं शून्य

घरी जोडलेला नवा कॉम्प्युटर बंद पडायला लागला की पहिला संशय जोडणाऱ्यावर जातो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मी हे सतत बघतो आणि मला ते मनापासून खटकतं. म्हणून गेल्या मे महिन्यातली ही केस लिहून ठेवतोय.

सिंहगड रोडवरून एक ताई आणि त्यांचा मुलगा दुकानात आले. मुलगा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायची परीक्षा, तोंडावर आलेली. पैसे साठवून त्याने एकेक पार्ट घेतला होता आणि मशीन स्वतः जोडलं होतं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, आरटीएक्स ३०६० कार्ड. रेंडर, म्हणजे डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र बनवायचं जड काम, लावलं की मशीन कधी निळी स्क्रीन दाखवायचं, कधी काडकन बंद पडायचं. जिथून पार्ट घेतले तिथे "फॉरमॅट मारून बघ" सांगितलं, त्याने मारला. मग "एसएमपीएस बदल" सांगितलं, म्हणजे आतला वीज पुरवणारा पार्ट. घरी वडिलांनी निकाल देऊन टाकलेलाच होता: हौसेनं स्वतः जोडलं, म्हणून हे झालं.

"काका, मी मॅन्युअल वाचूनच सगळं केलंय," एवढंच तो म्हणाला.

मी बाजूचं झाकण काढलं. मदरबोर्डखाली स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायचे छोटे खांब, जागच्या जागी, एकही जास्तीचा नाही. प्रोसेसरची आठ पिनची वायर टच्च बसलेली. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, जिथे हवी तिथेच. वायरी मागून नीट बांधून घेतलेल्या. हे काम उरकून टाकलेल्या माणसाचं नव्हतं.

पार्ट बदलायला घेण्याआधी मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनच्या नोंदींची वही, उघडतो. मशीन अचानक गेलं की पुढच्या वेळी चालू होताना तिथे 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद पडते. ती बघून बरेच जण एसएमपीएस गेला म्हणून मोकळे होतात. खरं तर ती नोंद 'मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो' एवढंच सांगते. कामाची गोष्ट तिच्या तपशिलात असते, बगचेककोड या ओळीत. निळी स्क्रीन येऊन मशीन गेलं असेल तर तिथे आकडा असतो. वीजच गेली असेल, किंवा कोणी बटण दाबून धरलं असेल, तर शून्य.

या मशीनमध्ये दोन्ही होतं. काही नोंदींत २६, काहींत ८०, एका ठिकाणी १०. हे तिन्ही आकडे मेमरीच्या भानगडीत नेहमी भेटणारे. आणि बाकीच्या नोंदींत शून्य. आकडेवाल्या नोंदी दिवसभर कुठेही विखुरलेल्या होत्या, शून्यवाल्या मात्र सगळ्या संध्याकाळी सातच्या आसपास. म्हणजे दोन वेगळे आजार एकाच अंगात, आणि आतापर्यंत सगळे त्यांच्यावर एकच औषध शोधत होते.

मेमरीचा आजार सोपा निघाला. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं, थोड्याच वेळात चुकांच्या लाल ओळी दिसायला लागल्या. मुलाने बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवायची सोय) चालू करून रॅम ६००० च्या वेगावर ठेवली होती. एएमडी या प्रोसेसरला अधिकृतपणे ५२०० पर्यंतच सांगते, त्यामुळे आधी एक्स्पो बंद केलं. चुका तरीही येतच राहिल्या. मग एकेक पट्टी वेगळी तपासली. मध्ये स्क्रीन बराच वेळ काळी राहिली तेव्हा ताई घाबरल्या. डीडीआर५ची मांडणी बदलली की बोर्ड मेमरीची जुळवाजुळव नव्याने करतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा धीर न धरता लोक बटण दाबतात आणि मशीन मेलं समजतात. एक पट्टी स्वच्छ निघाली. दुसरी स्लॉट बदलला तरी चुकत होती. स्लॉट चांगला, पट्टीच खराब. जोडणाऱ्याचा काय दोष?

एका पट्टीवर मी दुकानात दिवसभर रेंडर लावून ठेवलं. मशीन हललं नाही. संध्याकाळचे सातही उलटून गेले. आता ती शून्यं मशीनमध्ये शोधण्यात अर्थ नव्हता, ती घरात होती. ताईंना विचारलं, बंद पडतं तेव्हा आणखी काय होतं? त्या म्हणाल्या, "दादा, टेबलाखालच्या डब्यातून टक् असा आवाज येतो आधी."

डबा म्हणजे यूपीएस. त्यांच्या जुन्या ऑफिस कॉम्प्युटरचा, ६०० व्हीए, मागे ३६० वॉट छापलेलं. बॅटरीही तेव्हाचीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. आधी भिंतीवरचा सॉकेट तपासला, अर्थिंग ठीक होतं. मीटर लावून ठेवला, मुलाने फाइल सेव्ह करून रेंडर सुरू केलं आणि आम्ही बसलो. सातला खाली सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला. पंख्याचा आवाज क्षणभर उतरला, मीटरवरचा आकडा झपकन खाली आला, डब्यातून टक्, आणि मशीन गार.

मुलाला कागदावर हिशोब मांडायला लावला. प्रोसेसर जोरात असताना ८८ वॉटपर्यंत घेतो, कार्ड १७०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक धरा. एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज आणि त्याच यूपीएसवरचा मॉनिटर धरला की बेरीज ३६० च्या वर जाते. पंप सुरू होताना व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर उडी मारायचा आणि म्हातारी बॅटरी त्या लोडखाली तिथल्या तिथे बसायची. रेंडर नसताना तोच धक्का ती निभावून न्यायची, म्हणून कोणाला संशय आला नाही. एसएमपीएसवर तर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं होतं, म्हणजे व्होल्टेज थोडं पडलं तरी त्याला चालणार होतं. खात्रीसाठी पुढच्या संध्याकाळी मशीन थेट भिंतीला लावून रेंडर करायला सांगितलं. पंप सुरू झाला, मशीन चालू राहिलं.

नवा यूपीएस १००० व्हीएचा घेतला, प्युअर साइन वेव्हवाला, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा, कारण आजकालचे चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वेव्हवर कधीकधी अडतात. रॅम वॉरंटीत गेली. जोडीनं घेतलेली म्हणून दोन्ही पट्ट्या पाठवाव्या लागल्या, तोपर्यंत माझ्याकडची एक पट्टी दिली. ज्युरीचं काम त्यावर निभावलं. नवी जोडी आल्यावर एक्स्पो चालू करून रात्रभर मेमटेस्ट लावली, एकही चूक नाही.

मशीन न्यायला वडील स्वतः आले. बिलात मी 'जोडणी तपासली, दोष नाही' अशीही एक ओळ घातली होती. ती त्यांनी थांबून वाचली, मग विचारलं, "जुन्या यूपीएसची नुसती बॅटरी बदलून भागलं नसतं का?" प्रश्न रास्त होता. बॅटरी नवी टाकली तरी डबा ३६० वॉटचाच राहतो, रेंडर चालू असताना तो पुन्हा अडला असता. पण फेकू नका म्हटलं, बॅटरी बदला आणि वायफायच्या राउटरला लावा, लाइट गेली तरी तासन्‌तास चालेल.