मुलांना घाबरवू नका, सराव करून घ्या

गेली काही वर्षं मी १३ ते १६ वयाच्या पोरापोरींसोबत गुन्ह्यांपासून लांब कसं राहायचं, आजूबाजूला काही चुकीचं दिसलं तर काय करायचं यावर बोलते. सुरुवातीला मी काय करायचे तर तुरुंगाचे फोटो दाखवायचे, अमक्याचं आयुष्य कसं बरबाद झालं ते सांगायचे, पोरं एकदम गप्प बसून ऐकायची आणि मला वाटायचं झालं काम.

मग वाचायला लागले तेव्हा कळलं की हा प्रयोग कधीच होऊन गेलाय. १९७०च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका तुरुंगात जन्मठेपेचे कैदी तिथे भेटीला आणलेल्या मुलांच्या अंगावर ओरडून आत काय हाल होतात ते सांगायचे, 'स्केअर्ड स्ट्रेट' म्हणजे 'घाबरवून सरळ करणं' या नावाने हा प्रकार बराच पसरला. पुढे संशोधकांनी अशा कार्यक्रमांच्या ९ चाचण्या एकत्र तपासल्या, तर तुरुंग बघून आलेल्या मुलांनी नंतर जास्त गुन्हे केले होते, ज्यांच्यासाठी काहीच केलं नव्हतं त्यांच्यापेक्षाही जास्त! हे वाचून मला खूप वाईट वाटलं, कारण मीपण चांगल्या मनानेच करत होते ना.

मला वाटतं मुलांना परिणाम माहीतच असतात, पण ज्या क्षणी चार मित्र बघत असतात त्या क्षणी ते आठवत नाहीत. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना आणि मोठ्यांनाही गाडी चालवायचा एक कॉम्प्युटर गेम खेळायला दिला, १३ ते १६ची मुलं एकटी असताना जेवढी रिस्क घ्यायची त्याच्यापेक्षा मित्र बघत असले की कितीतरी जास्त घ्यायची, आणि २४च्या पुढच्या माणसांना मित्र असले काय नसले काय, फारसा फरक पडला नाही.

म्हणून आता आम्ही फक्त सराव करतो, म्हणजे अक्षरशः नाटक. एकजण म्हणतो 'तुझं बँक खातं दे ना दोन दिवस, पैसे येतील, काढून दे, थोडे तुला ठेव' आणि दुसऱ्याने नाही म्हणायचं. हा विषय मी मुद्दाम घेते कारण यात चांगल्या घरची सरळ पोरं अडकतात, त्यांना वाटतं आपण मित्राला मदत केली, पण फसवणुकीचा पैसा खात्यातून फिरला की पोलीस आधी खातं कोणाच्या नावावर आहे तेच बघतात. पहिल्यांदा नाही म्हणताना सगळे अडखळतात, हसतात, 'बघतो' म्हणतात. मग आम्ही छोटी वाक्यं शोधतो. एका मुलीने शोधलेलं वाक्य आता सगळेच वापरतात, 'माझं खातं आई बघते'. एवढंच. भांडण नाही आणि कोणाचा अपमानपण नाही.

मदतीला जायचं कसं याचाही सराव लागतो. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८चा प्रयोग मी मुलांना सांगते, इंटरकॉमवर कोणाला तरी फिट आल्याचा आवाज येतो, तो फक्त आपणच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदत बोलवायला उठले आणि अजून चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. म्हणून गर्दीत 'कोणीतरी फोन करा' असं ओरडायचं नाही, एकाकडे बोट दाखवून 'तुम्ही, निळा शर्ट, पोलिसांना फोन करा' म्हणायचं. आणि स्वतः मारामारीत मध्ये पडायचं नाही, हे मी दहा वेळा सांगते.

मागच्या वेळी खात्याचं नाटक झाल्यावर एक मुलगा मागे थांबला. म्हणाला, ताई, मागणारा माझा सख्खा भाऊच असेल तर? माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. बाकीचे गेल्यावर आम्ही बराच वेळ बोललो, मग त्याला म्हटलं, ज्यांना तू रात्री कधीही फोन करू शकशील अशी तीन मोठी माणसं लिही. त्याने मामाचं नाव लिहिलं, एका सरांचं लिहिलं, आणि तिसऱ्या ओळीवर पेन तसंच धरून माझ्याकडे बघत राहिला. मी माझा नंबर सांगितला.