आधार आहे की ओ, अजून काय पाहिजे!

सोलापुरात नवी पेठेत माझं छोटं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. बालाजी, काशी, अष्टविनायक हे नेहमीचं, नेपाळ वर्षातून एखाद्-दुसऱ्यांदा. मागच्या वर्षी पशुपतिनाथला बावीस जणांचा ग्रुप होता, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, मग विमानानं दिल्लीवरून काठमांडू. निघायच्या दिवशी दुपारी सगळ्यांचे कागद शेवटचे लावत बसलेलो आणि एका आजोबांच्या आधारवर नजर गेली, जन्मतारीख १ जून, हिशोब केला तर वय ६२. पोटात गोळाच आला.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, १९५० पासूनचा करार आहे, म्हणून लोकांना वाटतं कागदच लागत नाही. पण विमानानं जायचं तर पासपोर्ट नाहीतर वोटिंग कार्ड पाहिजेच, आधार चालतं ते फक्त पंधराच्या आतल्या पोरांना आणि पासष्टच्या वरच्यांना. आधार म्हणजे ओळख, नागरिकत्व नाही, कार्डावरच छापलेलं असतं, वाचतंय कोण.

चूक माझीच होती. बुकिंगला आले तेव्हा पांढरं डोकं, हातात काठी, मी धरलं सत्तरीचे असतील, व्हॉट्सअपवर आलेल्या आधारचं नाव बघितलं आणि तिकीट काढून मोकळा झालो. नंतर कळलं की तारीख शाळेत मास्तरांनी टाकलेली, आपल्याकडं त्या पिढीत निम्मं गाव १ जूनला जन्मलंय.

फोन केला तर म्हणले, "आधार आहे की ओ, अजून काय पाहिजे?" पासपोर्ट नाही. वोटिंग कार्ड होतं, पण कुठं ठेवलंय माहीत नाही, मतदानाला आधारच दाखवत आलेत. गंमत म्हणजे आज्जींचं वय कुणीतरी आधारच्या कॅम्पमध्ये अंदाजानं लिहिलेलं, ६७, म्हणजे कागदावर बायको पाच वर्षांनी मोठी आणि त्यांना आधारवर काहीच अडचण नाही. मागून त्यांचा आवाज आला, "मी जाऊन येते की, तुम्ही राहा घरी टॉवेल मोजत." आजोबा जन्मभर पॉवरलूमवर होते.

मग विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, त्यांच्या घरी सगळ्यांनी मिळून शोधाशोध, आणि मी इकडं दर दहा मिनिटाला फोन. तिकीट कॅन्सल केलं तर किती कापतील ते पण बघून ठेवलं, भरायचं मलाच होतं.

साडेआठला पुतण्याचा फोन आला, सापडलं! माळ्यावर चादरीची ती चेनवाली प्लास्टिकची पिशवी असते ना, त्यात, रेशनकार्ड, आज्जींचं विडी कामगाराचं कार्ड आणि लाईटबिलांच्या खाली. पोरगं गाडीवर घेऊन स्टेशनला आलं. प्लॅटफॉर्मवर मोबाईलच्या उजेडात मी तिकिटावरचं आणि कार्डावरचं नाव एकेक अक्षर ताडून बघितलं, जुळलं. फोटो काळपट, मिशा एकदम काळ्या, पण आयोगाचं ओरिजिनल कार्ड. लॅमिनेशनचा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला, नंबर मात्र शाबूत.

दुसऱ्या दिवशी फोनची वाट बघत जेवण गेलं नाही. संध्याकाळी आज्जींचाच फोन, "उतरलो बाबा काठमांडूला. यांना कुणी काही विचारलं नाही, कार्ड बघून सोडलं. मलाच विचारत बसला, आजी खरंच ६७ का म्हणून. म्हणलं, कार्डावर आहे तेच लिही."