भुतांचं कुटुंब: घरच्या घरी, कमी खर्चात हॅलोविनची सोंगं

हॅलोविनला घरातल्या सगळ्यांनी मिळून एकाच थीमवर सोंगं करायची असतील तर आधी ड्रेस शोधू नका, आधी गोष्ट शोधा. ड्रेस शोधायला गेलं की पैसे जातात. आमच्याकडे मुलांनी मोबाईलवर बघितलेला एक साधा सांगाड्याचा ड्रेस ७०० रुपयांच्या वर होता, तोही एका मुलाचा, आणि आम्ही घरात लहानमोठे मिळून आठ माणसं. एकदा गोष्ट ठरली की मग कोणाला काय लागणार ते आपोआप कळतं आणि त्यातलं बरंचसं माळ्यावर नाहीतर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, सापडतंच.

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. आमच्याकडे भुतांची कमी नाही हो! मग व्हॅम्पायर आणि चेटकीण कशाला? हॅलोविन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, १ नोव्हेंबरच्या ऑल सेंट्स डेच्या आदल्या रात्रीचा, आणि तिकडच्या लोकांचीही समजूत हीच की ह्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात. भोपळा तर अमेरिकेत गेल्यावर आला, आधी तिकडे सलगम कोरायचे. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या वाडीत जे पिकतं तेच कोरलं, मग आपण आपल्या वाडीतली भुतं घ्यायला काय हरकत आहे, असं मी मुलांना म्हटलं आणि त्यांना ते एकदम पटलं. त्यात २०२४ ला ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. पहाटे कारीट फोडलं आणि संध्याकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, भुतं! दीर-जाऊ मुंबईहून दिवाळीला आलेले, वाडीतली पोरं सुट्टीवर, सगळा योग जुळून आला.

कोण कोण होणार ह्याची बैठक सासूबाईंसमोर झाली कारण भुतांची खरी माहिती त्यांनाच. मुलाला मुंजा दिला. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो. मुलीला भूत व्हायचं नव्हतं म्हणून ती पिंपळ झाली, आणि ही कल्पना तिचीच. नवरा गिऱ्हा, म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. मी हडळ. मुलाला देवचार व्हायचं होतं खरं तर, घोंगडी काठी वगैरे सगळं घरात होतंच, पण सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "देवचाराचा सोंग नको हां बाबू, तो आपलो राखणदार." मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. देवचार, वेतोबा ही आपली देवस्थानं आहेत, लोक नवस बोलतात, वेतोबाला चपला वाहतात, ते खेळात आणू नये. तुमच्या गावातही असं काही असेल तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, कुठली गोष्ट खेळातली आणि कुठली देवाची हे त्यांना बरोबर माहीत असतं.

आता प्रत्येक घरात एक माणूस असतोच की ज्याला सोंग घ्यायचं नसतं, आमच्याकडे तो दीर. त्याला केला वाट चुकलेला चाकरमानी! शर्ट-पँट, पाठीवर सॅक, हातात टॉर्च, खिशात एसटीचं तिकीट. खर्च शून्य, आणि भुतं आहेत तर त्यांना कोणीतरी घाबरणारा हवाच की, त्यामुळे उलट त्याच्याशिवाय आमची गोष्ट पुरीच झाली नसती. जावेचं बाळ अजून कडेवर असतं म्हणून ती दोघं झाली लिंबू-मिरची. बाळाला पिवळं झबलं आणि डोक्यावर हिरव्या कापडाचं छोटं पान, जावेचा हिरवाच ड्रेस आणि डोक्याला एक हिरवा देठ शिवून लावला. बाळाच्या तोंडाला काहीही लावलं नाही, लावूही नये.

आता बनवायचं कसं ते सांगते, त्यातही हडळीचे पाय नीट सांगते कारण सगळ्यात जास्त मजा त्यातच आहे. हडळीची पावलं उलटी असतात हे तर सगळ्यांना माहीत. आपलं पाऊल पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवायचं आणि तसे तीन-चार तुकडे कापून एकावर एक चिकटवायचे. बोटांसाठी वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या, अंगठ्याची जाड, करंगळीची बारीक, दोऱ्याने बांधून पुढे लावायच्या. मग सगळ्यावर कागदाचे फाडलेले तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून थरावर थर द्यायचे. कागद कात्रीने कापू नका, फाडा, फाडलेल्या कडा एकमेकीत मुरतात आणि जोड दिसत नाही. खळ म्हणजे एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे, झुरळं लागू नयेत म्हणून, पण ते विषारी असतं, मुलांच्या हातातोंडाशी येणाऱ्या वस्तूला अजिबात घालू नका. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, दोन उन्हात पाय खडखडीत वाळतात, पण संध्याकाळी आठवणीने आत घ्यायचे कारण आमच्याकडे दिवाळीपर्यंत कधीही सर येते. नखं सुपारीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडाशी असतो त्या रुंद पापुद्र्याची, कापून लावली, पिवळट आणि थोडी वाकडी, काय भयानक दिसत होती!

हे पाय जुन्या स्लिपरांना मागच्या बाजूने, टाचेला टाच लावून, सुंभाने बांधायचे. खऱ्या पायात काळे मोजे. साडी पुढून पायघोळ नेसायची की खरी बोटं झाकली जातील आणि मागून चार बोटं वर ठेवायची. अंधारात चालायला लागलं की बघणाऱ्याला कळतच नाही हडळ येतेय की जातेय. फक्त एक, ह्या पायांनी पायऱ्या चढू-उतरू नका, खळ्यातल्या खळ्यातच फिरा.

विरीचं आणखी एक सांगायचंच आहे. बागेत सुपारीच्या विऱ्या नुसत्या पडून असतात, बंबात जातात. रात्रभर पाण्यात भिजवली की ती चामड्यासारखी मऊ होते, मग कळशीच्या पोटावर घालून सुतळीने आवळून वाळवायची, तसाच बाक धरून कडक होते. डोळे आणि नाक ओली असतानाच कापायचे, वाळल्यावर चिरते. झाला मुखवटा, फुकटात, आणि वजन जवळजवळ नाहीच. गिऱ्ह्याचा मुखवटा असाच केला. त्याच्या अंगावर किनाऱ्यावरून रापण ओढून मासे धरणाऱ्यांनी टाकून दिलेलं फाटकं जाळं, त्यात शिंपले आणि जुन्या हिरव्या ओढणीच्या पट्ट्या शेवाळ म्हणून गुंतवल्या. जाळं मात्र साबणाने परत परत धुवा आणि चांगलं उन्हात टाका, मासळीचा वास सहजी जात नाही.

मुंजाला आजोबांचा जुना पंचा, शिवायच्या दोऱ्याचं जानवं आणि काळ्या लोकरीची शेंडी, बास! पिंपळाला माझी विटकी तपकिरी साडी आणि त्यावर जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली पानं. पत्रिकेचा कागद जाड असतो, वाऱ्यावर खरंच सळसळ वाजतो. खरी पानं लावू नका, संध्याकाळपर्यंत मान टाकतात.

रंगाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. पोस्टर कलर, अ‍ॅक्रेलिक, ऑइल पेंट चेहऱ्याला नको म्हणजे नकोच. आमच्या वाडीत एक दशावतारी काका आहेत. दशावतारातले नट आपला मेकअप आपणच करतात, त्यामुळे ह्यातलं त्यांना सगळं माहीत. त्यांनी सांगितलं की आधी चेहऱ्याला खोबरेल तेलाचा पातळ हात द्यायचा, मग रंग, आणि काढतानाही खोबरेलानेच पुसून मग साबण. आम्ही पांढऱ्यासाठी कॉर्नफ्लॉवर कोल्ड क्रीममध्ये कालवलं आणि डोळ्यांखाली काजळ पसरवलं. आदल्या दिवशी हातावर थोडंसं लावून बघा, खाज आली तर सोडून द्या.

आणि विस्तव लांब ठेवा. दिवाळी म्हणजे दारात पणत्या, त्यात ओढण्या, जाळं, सुंभ, कागद, सगळं भुर्रकन पेटणारं. आम्ही भुतांच्या खेळापुरत्या खळ्यातल्या पणत्या उचलून तुळशीपलीकडे ठेवल्या होत्या आणि फटाके पूर्ण बंद. उजेडासाठी टॉर्च आणि बॅटरीचे छोटे दिवे.

तसाच एक दिवा तवशातही, म्हणजे मोठ्या गावठी काकडीत, ठेवला होता. सलगम नाही, भोपळा नाही, पावसाळ्यात मांडवावर धरलेलं पिकलेलं पिवळं तवसं! बूड सपाट कापून उभं केलं, आतला गर चमच्याने खरवडला, कापडाने कोरडं केलं आणि डोळे-दात कोरले. साल पातळ असल्याने उजेड छान पिवळा पडतो. दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ पडतं म्हणून ते त्याच संध्याकाळी कोरायचं. आणि गर टाकायचा नाही, सासूबाईंनी तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून त्याचं धोंडस केलं, सगळ्या भुतांनी गरमगरम खाल्लं.

एकूण खर्च ५०० च्या आतच झाला, तोही लोकर, कोल्ड क्रीम आणि बॅटरीच्या दिव्यांचा. बाकी सगळं घरातलं.

आता मुलांना पुढच्या वेळी चकवा हवाय. चकव्याला रूपच नाही ना, तो नुसता वाट चुकवतो, रात्रभर माणूस एकाच जागी फिरत राहतो. मुलगी म्हणते पुढे एक आणि मागे एक असे दोन सारखेच मुखवटे लावायचे आणि शर्ट दोन्हीकडून बटणांचा शिवायचा म्हणजे तो कुठे चाललाय तेच कळणार नाही. विऱ्या मी बाजूला काढून ठेवल्यात. शर्ट कसा शिवायचा त्याचा विचार चालू आहे, बहुतेक नवऱ्याचे दोन जुने शर्ट पाठीत उसवून पुढचे भाग एकमेकांना जोडावे लागतील.